बाहेरची सवाष्ण

आमच्या वरच्या दोन खोल्यांत पाकिस्तानातून आलेलं कुटुंब राहायला येणार, हे कळल्यावर आमच्या गल्लीने आधी हळहळ व्यक्त केली आणि मग विचारलं की त्यांचं पाणी कोणत्या टाकीतून भरणार. देवासमध्ये तेव्हा पाण्याची अशी ओढ होती की माणसाची जात आणि गाव नंतर, आधी त्याच्या घरात बादल्या किती हे पाहायचे. नळ यायच्या आधी पाइपातून नुसती हवा यायची, एखाद्या म्हाताऱ्याने सुस्कारा टाकावा तशी, आणि त्या सुस्काऱ्यावर आमचं सगळं घर धावत सुटायचं. त्यामुळे गल्लीचा प्रश्न मी निर्दयपणाचा म्हणणार नाही. पण तो किती लवकर आला, ते मात्र लक्षात राहिलं.

माणसं तीनच होती. परसराम, त्याची बायको जमना आणि मुलगी पूजा, जी तिसरीत की चौथीत बसवायची यावर शाळेत बराच काथ्याकूट झाला, कारण तिला सिंधी आणि उर्दू लिहिता येत होतं, आणि आमच्या शाळेच्या लेखी ते काहीच न येण्यासारखं होतं. सिंधमध्ये परसरामचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं. तीर्थयात्रेच्या व्हिसावर ते हरिद्वारला आले, तिथून देवासच्या एका नातलगाकडे, आणि मग परत गेले नाहीत. इथे तो दुसऱ्याच्या कापडदुकानात मीटरपट्टी घेऊन उभा राहायचा. दुकानदार माझ्या बाबांच्या ओळखीचा. बाबा सरकारी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, आणि खोल्या देताना त्यांनी आईला, मला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दोघातिघांना ऐकू जाईल असं एक भाषण केलं. जगातल्या प्रत्येक माणसाला दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा हक्क आहे, असं ते म्हणाले. आईने विचारलं, "आणि त्या देशाने तो द्यायलाच हवा का?" बाबा म्हणाले, "तसं नाही. मागण्याचा हक्क आहे. देणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर." मी तेव्हा बी.कॉम. करत होते, आणि ज्या खात्यात एकच बाजू लिहिलेली आहे ते खातं जुळायचं कसं, हा प्रश्न मला पडला होता. अजून पडतो. बाबांनी असंही सांगितलं की आपल्या देशाच्या कायद्यात निर्वासित असा वेगळा माणूसच नाही. एक नागरिक आणि दुसरा परदेशी, बस. म्हणजे कोणी जीव मुठीत धरून आलेला असो की ताजमहाल बघायला आलेला असो, रांग एकच.

जमना आली त्या आठवड्यात गल्लीतल्या बायका एकेक करून आमच्याकडे साखर, मिरची, शिवणयंत्राचं तेल असलं काहीबाही मागायला आल्या आणि जिन्याकडे बघत बसल्या. त्यांना जमनाचं दुःख ऐकायचं होतं, पण आपल्या पसंतीचं. तिकडे काय काय झालं, कसं कसं छळलं, हे तिने सविस्तर सांगावं, यांनी पदर डोळ्यांना लावावा, आणि मग सगळ्यांनी मिळून चहा प्यावा. जमना त्याबद्दल फक्त एक वाक्य बोलायची, "लड़की बड़ी हो रही थी," आणि थांबायची. ज्याला समजायचं त्याला त्यात सगळं समजत होतं. पण मग ती आपणहून बोलायला लागायची ती जरीना आपाबद्दल. जरीना आपा म्हणजे तिची तिकडची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. निघताना जमनाने शिवणयंत्र तिच्याकडे ठेवलं होतं. "मशीन की फिकर नहीं है. आपा की है. उसके घुटने में दर्द रहता है," असं म्हणून जमना रडली. समोरच्या कुलकर्णीकाकू तिथून उठल्याच. खाली येऊन आईला म्हणाल्या, "ही बाई त्या लोकांसाठी रडतेय! मग आलीच कशाला?" आई भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही नाही का माहेरची आठवण काढून रडत? मग आलात कशाला देवासला?"

माझी आई फार बोलणारी नव्हती, पण बोलली की समोरच्याला दारापर्यंत सोडून यायची. तिचं आणि जमनाचं जमलं ते स्वयंपाकघरात. जमनाची सकाळ कोकीने सुरू व्हायची. कांदा, मिरची, अनारदाणा घालून मळलेली ती जाड पोळी ती आधी अर्धी भाजायची, मग पुन्हा लाटायची आणि पुन्हा भाजायची. वरून लाटण्याचा ठक ठक आवाज आला की आई मला म्हणायची, "जा ग, पोहे देऊन ये, म्हणजे रिकामी ताटली परत येणार नाही." आमच्या घरातलं मराठी तोवर बरंचसं माळव्याचं झालेलं होतं. आम्ही भावंडं आपसात "क्या भिया" करत भांडायचो आणि देवासमोर मात्र आजोबांच्या काळातलं जडशीळ मराठी बोलायचो. जमनाने त्या दोन्हीतून आपल्याला हवे ते शब्द उचलले. ती आईला "अम्मा" म्हणायची, मला "दीदी", आणि महिन्याभरात कढीलिंबाला कढीलिंब म्हणायला लागली.

फक्त मुदतवाढीचे दिवस जवळ आले की वरचं लाटणं थांबायचं. परसराम धुतलेला शर्ट घालून पोलीस कप्तानाच्या कचेरीत जायचा. तिथे परदेशी लोकांची नोंद ठेवणारी एक खोली होती. त्यांच्या राहण्याच्या परवान्यावर फक्त देवास शहर लिहिलेलं होतं. शहराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी लेखी परवानगी. या देवासात एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि त्यांची हद्द म्हणे भर बाजाराच्या रस्त्यातून जायची. माणसं एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात मेथीची जुडी आणायला जायची आणि जेवणाला परत यायची. त्याच गावात परसरामला इंदूरला माल बघायला जायचं तर अर्ज करावा लागायचा. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

आता धारबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथे घडलं. आमचं मूळ घर धारला. मूळ हा शब्द मी जपून वापरते, कारण त्याच्याही आधी आम्ही दक्षिणेतले, आणि हे धारचे आमचे मोठे काका आप्पासाहेब दर दहा मिनिटांनी सांगायचे. आमचे कोणी पूर्वज संस्थानात दफ्तरदार होते. आप्पासाहेब स्वतः विजेच्या खात्यात बिलं तपासायचे, पण चालायचे असे की मागे पालखी येते आहे. जुना वाडा त्यांच्या वडिलांनीच विकला होता, आणि मोझेक फरशीच्या चार खोल्यांच्या घराला आप्पासाहेब अजून "वाड्यावर या" म्हणायचे. घराण्याचे देव त्यांच्याकडे, म्हणून भाद्रपदातल्या महालक्ष्म्याही त्यांच्याकडे. आम्ही दरवर्षी सगळे धारला जायचो, सोळा भाज्या चिरायचो, पुरण वाटायचो, आणि आप्पासाहेब ओट्याशी न येता सगळ्याचं नियोजन करायचे.

आमच्या महालक्ष्म्यांची एक रीत आहे, जी दुसऱ्या कोणाकडे मी पाहिलेली नाही. देवीचे मुखवटे दारातून आत आणते ती सवाष्ण घरातली चालत नाही. नात्यातली असली तर दूरच्या नात्यातली, आणि परगावाहून आलेली. कारण असं सांगतात की पूर्वज दक्षिणेतून निघाले तेव्हा वाटेत घरातल्या बाईला चालणं जड झालं, आणि मुखवटे डोक्यावर घेऊन नर्मदेपार आली ती कोणी अनोळखी बाई, तळावर भेटलेली. तिचं नाव कोणाला माहीत नाही. म्हणून दरवर्षी बाहेरची सवाष्ण आणायची, दाराशी तिचे पाय दूधपाण्याने धुवायचे, तिच्या हातून देवी आत आणायची, तीन दिवस तिला देवीबरोबरीने जेवू घालायचं, आणि तिसऱ्या दिवशी देवीचं विसर्जन झालं की तिचीही ओटी भरून तिला गाडीत बसवायचं. मी लहानपणी यात देवीची थोरवी पाहायचे. मोठी झाल्यावर हिशोब लक्षात आला. आमच्या घराला बाहेरची बाई लागते. दाराशी लागते, माजघरात तीन दिवस लागते, आणि चौथ्या दिवशी ती असलेली चालत नाही.

हा मान वर्षानुवर्षं खातेगावच्या एका दूरच्या मावशींकडे होता. त्या वर्षी ऐनवेळी त्यांच्याकडे सुतक आलं. धारहून काकूंचा फोन आला, त्या रडकुंडीला आल्या होत्या. इंदूरला विचारलं तर तिथल्या सगळ्या जवळच्या नात्यातल्या निघाल्या. आई रिसीव्हर कानाला लावून जिन्याकडे बघत होती. म्हणाली, "माझ्याकडे आहे एक. बाहेरची म्हणजे इतकी बाहेरची की काही विचारू नका." काकूंनी तिकडून काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण आईचं उत्तर आलं, "नाही खात. आणि खात असती तरी तळावरच्या त्या बाईला कोणी विचारलं होतं का, काय खातेस म्हणून?" मग फोनवर आप्पासाहेब आले. त्यांच्या आवाजात एकदम पालखी शिरली. "पाकिस्तानची सवाष्ण? मालती, धारमध्ये आजवर कोणाकडे आलेली नाही! घेऊन ये."

परसराम मात्र हात चोळत बाबांसमोर उभा राहिला. "अण्णाजी, धार जाना है तो पहले थाने में बताना पड़ेगा. परमिशन आते-आते टाइम लगता है." बाबांनी चष्मा काढला. ही खूण आम्हाला माहीत होती. "अरे, धार कोई विदेश है क्या? सुबह निकलो, दोपहर को पहुँचो. संविधान के अनुच्छेद उन्नीस में साफ लिखा है, पूरे भारत में घूमने-फिरने की स्वतंत्रता." परसरामने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला आपल्या बाजूने संविधान काढताना पाहिलं असावं. त्याने मान डोलावली. एकदा बोलावलेल्या सवाष्णीला नको म्हणता येत नाही, हा आमचा नियम, आणि मास्तरांना खोटं पाडता येत नाही, हा त्याचा. दोन नियमांच्या मध्ये सापडून जमना आमच्याबरोबर इंदूरला बस बदलून धारला आली. पूजा बापाजवळ राहिली.

तो दिवस मी विसरलेली नाही. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली, काकू ताटली चमच्याने वाजवत पुढे, आणि उंबऱ्याबाहेर जमना, आईच्या हिरव्या इरकलीत, दोन्ही हातांत मुखवटा धरून. काकूंनी तिच्या पायांवर आधी दूध ओतलं, मग कोमट पाणी, आणि आपल्या पदराने पाय पुसले. जमना घाबरून मागे सरकली. "ये क्या कर रहे हो, माताजी!" काकू म्हणाल्या, "सरकू नको ग, सांडेल." मग तिला घरभर फिरवलं. हे स्वयंपाकघर, हे कोठार, ही तिजोरी, प्रत्येक ठिकाणी काकू विचारणार "इथे काय आहे?" आणि जमनाने म्हणायचं "उदंड आहे". आईने तिला बसमध्ये शिकवून ठेवलं होतं. ज्या बाईचं स्वतःचं शिवणयंत्रसुद्धा दुसऱ्या देशात राहिलं होतं ती आमच्या रिकाम्या तिजोरीसमोर उभी राहून मोठ्याने "उदंड आहे" म्हणाली, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आप्पासाहेबांचं समाधान मात्र घरातल्या घरात मावत नव्हतं. त्यांनी एका हिंदी पेपरच्या बातमीदाराला बोलावलं. त्याने फोटो काढला. आप्पासाहेबांनी त्याला परंपरा, संस्थान, दक्षिण हे सगळं सांगितलं, आणि जमनाचं नाव, गाव, देश आणि मुक्काम हेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी आम्ही तिची ओटी भरून देवासला परतलो, तेव्हा पेपर आमच्या आधी पोहोचलेला होता. "पाकिस्तान से आई सुहागन ने कराया महालक्ष्मी का गृहप्रवेश". फोटोत जमना मध्यभागी, शेजारी आप्पासाहेब, टोपी घालून. त्यांनी पेपरच्या कितीतरी प्रती घेतल्या. एक प्रत कप्तानाच्या कचेरीतही गेली, त्यासाठी त्यांना पैसे द्यावे लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिपाई आला. परसराम आणि जमनाने हजर व्हायचं. परवानगीशिवाय शहर सोडलं, मुदतवाढीची फाइल त्याच कचेरीच्या टेबलावर होती, आणि खुलासा पटला नाही तर देश सोडण्याची नोटीस. परसराम हे सांगताना आमच्या ओटीवर बसला नाही, उभाच राहिला. बाबांनी आप्पासाहेबांना फोन केला आणि आप्पासाहेब पहिल्या बसने आले. मला वाटलं, जबाबदारी घ्यायला आले.

"हे बघा," आप्पासाहेब म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही. तिने एवढंच सांगायचं, की मी मांडू पाहायला आले होते. मांडूला परदेशी लोक येतातच. वाटेत धारला उतरले."

"फोटोत ती महालक्ष्मी घेऊन उभी आहे," बाबा म्हणाले.

"मग? वाटेत दर्शन झालं."

"दर्शन झालं," आई म्हणाली, "आणि मुखवटा आपल्या पायांनी चालत तिच्या हातात आला?"

"मालती, थट्टेची वेळ नाही. आमच्या घराण्याचं नाव पोलिसात जायचं का? माझं पेन्शन आहे. तुमचं घर सरकारी पगारावर. तिचं काय, ती आधीच पोलिसात आहे."

हे वाक्य मी जसं ऐकलं तसं लिहिलं आहे. एक शब्द इकडेतिकडे केलेला नाही.

जमना जिन्यात उभी होती. आमचं मराठी तिला आता पुरेसं समजत होतं. ती खाली आली आणि म्हणाली, "अम्मा, मैं बोल दूँगी. आप लोगों का नाम नहीं आएगा. बस दीदी मुझे बता दे, मांडू में क्या-क्या है." आणि मी सांगायला लागले. जहाज महाल, हिंडोळा महाल, रूपमतीचा मंडप, तिथून खाली दिसणारी नर्मदा, दाराशी विकायला बसलेली गोरखचिंच. ती पुटपुटत पाठ करत होती. जिने कधीही मांडू पाहिलेलं नाही ती बाई मांडू पाहिल्याच्या गुन्ह्याची तयारी करत होती, आणि आप्पासाहेब मध्येच दुरुस्त्या सांगत होते.

आई उठली. "पुरे," म्हणाली. "शोभा, चप्पल घाल. तुम्हीही उठा." पहिलं मला, दुसरं बाबांना. आप्पासाहेबांना ती काहीच म्हणाली नाही, त्यामुळे ते बसून राहिले.

परसराम आणि जमनाला घेऊन आम्ही कचेरीत गेलो, तर तिथला अधिकारी बाबांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने उठून बाबांच्या पायाला हात लावला, आणि बाबा त्याच्याच खोलीत त्याला म्हणाले, "बैठो, बैठो." मग बाबांनी चष्मा काढला. "देखो बेटा, अनुच्छेद उन्नीस..."

"सर," तो हळूच म्हणाला, "उन्नीस में 'सब नागरिकों को' लिखा है. आप ही ने रटवाया था. मुझे तो आज तक याद है."

बाबांनी चष्मा परत लावला. चहा आला. अधिकारी फाइल उलटत म्हणाला, "ये अपनी मर्जी से गई थीं, ऐसा लिखना पड़ेगा."

"मैं ले गई," आई म्हणाली.

"माताजी, सोच लीजिए. लिखकर देंगी तो मामला आप पर भी आएगा."

"आने दो. हमारे यहाँ देवी को बाहर की सवाष्ण लाती है. घर की नहीं चलती."

"बाहर की मतलब?"

"बाहर की मतलब जो अपनी नहीं है."

"तो इंदौर की ले जातीं."

"इंदौर में सब अपने ही हैं," आई म्हणाली.

शिपाई तोंड फिरवून हसला. अधिकाऱ्याने कागद पुढे ओढला आणि हमी देणाऱ्याची माहिती विचारायला लागला. नाव, पत्ता, मूळचे कुठले. "मूलतः महाराष्ट्र के," बाबा सवयीने म्हणाले. "दो-ढाई सौ साल हुए." अधिकारी थकलेला होता, पण गमत्या होता. म्हणाला, "अच्छा? और परमिशन किससे ली थी, सर?" उत्तर आईने दिलं. "तब हमारे साथ फौज थी, भैया. फौज साथ हो तो कोई नहीं पूछता."

आईला हिंदी लिहिता येत नव्हतं, म्हणून जबाब मी लिहिला. अधिकाऱ्याने सुचवलं, एकच दिवस लिहा, हलकं पडेल. मी म्हटलं, सवाष्ण तीन दिवस राहते हे पेपरात छापलेलं आहे, एक दिवस लिहिला तर बेरीज जुळणार नाही आणि मग बाकीचंही खोटं ठरेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान्य केलं. मग पेन खाली ठेवून आईला विचारलं, "देवी कितने दिन रहती हैं आपके यहाँ?"

"तीन."

"फिर?"

"फिर विदा करते हैं."

"तो देखिए, माताजी, आपके यहाँ भी टाइम फिक्स है. हमारे यहाँ भी."

जमना भिंतीला टेकून उभी होती. आईने तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. "हमारी देवी को जाने के लिए जगह है. इसको नहीं है." आणि सही केली. तिच्याखाली बाबांनीही केली, नेहमीपेक्षा लहान अक्षरात.

फाइल वर गेली. वर म्हणजे कुठे हे कोणी सांगत नाही. त्या दिवसांत जमना तेलाचा डबा आणेनाशी झाली. पावशेर पावशेर तेल आणायची. पीठही तेवढंच, साबणाची वडी अर्धी कापून. पूजाच्या शाळेने सहामाहीची पुस्तकं सांगितली, ती तिने घेतली नाहीत, आमच्याकडून जुनी नेली. मी दुकानाच्या पिशव्यांवरून तिच्या मनातला हिशोब वाचत होते. दसऱ्याला तिने आमच्या दाराला तोरण लावलं, आपल्या दाराला नाही. आई म्हणाली, "लाव ग." ती म्हणाली, "बाद में, अम्मा."

इथे एक आजची गोष्ट सांगते, नाहीतर विसरेन. आप्पासाहेब आता नाहीत. त्यांचा नातू परदेशात आहे, कोणत्या देशात ते लिहीत नाही, आणि तिथे कायमचं राहायला मिळावं म्हणून बरीच वर्षं रांगेत आहे. त्याची आई मागे भेटली तेव्हा सांगत होती, "किती अपमान हो! प्रत्येक गोष्टीला कागद मागतात. नोकरी सोडली तर इतक्या दिवसांत चालते व्हा म्हणतात. माणसाला माणूस समजत नाहीत." मी तिचं सांत्वन केलं. तिचं दुःख खरं होतं. मग तिने त्याच दमात सांगितलं की तिच्या गल्लीत कोणी बाहेरचे लोक राहायला आले आहेत आणि त्यांची कागदपत्रं तपासा म्हणून गल्लीने अर्ज केला आहे, सगळ्यात वर तिची सही आहे. ती हे दोन्ही एकाच चहात सांगू शकली. मी मोजलेलं नाही, पण असे लोक थोडे नसावेत.

दिवाळी उलटल्यावर मुदतवाढ आली. एक वर्ष. सक्त ताकीद, आणि पुन्हा तीच अट, शहर सोडायचं नाही. परसरामने कागद आईच्या हातात दिला, जणू तिनेच तो दिला होता. त्या संध्याकाळी तेलाचा आख्खा डबा जिन्यावरून वर गेला आणि वरून लाटण्याचा आवाज इतका वेळ येत राहिला की कुलकर्णीकाकूंनी विचारलं, कोणाची पंगत आहे का.

आणि धारला बातमी काय पोहोचली, तर आप्पासाहेबांनी वजन टाकलं म्हणून काम झालं. पुढच्या भाद्रपदाच्या तोंडावर ते स्वतः आले, पांढरीशुभ्र टोपी घालून, हातात कुंकवाचा करंडा आणि खण. खातेगावच्या मावशींचे यजमान मधल्या काळात वारले होते, आता त्यांच्या हातून देवी आत येणार नव्हती. आप्पासाहेब जिना चढून वर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच गेले असावेत. आई आणि मी मागोमाग. जमनाने त्यांना खुर्ची दिली आणि सिंधी रीतीप्रमाणे आधी थंड पाणी आणि भाजलेला पापड समोर ठेवला.

"जमनाबाई, महालक्ष्मी का आमंत्रण है," आप्पासाहेब म्हणाले. "सारा धार पूछ रहा है."

जमना खाली बसली. "आप्पासाहब, आपके घर मेरे पैर धोए थे. मेरी अपनी सास ने कभी नहीं धोए. वो मैं नहीं भूलूँगी." मग म्हणाली, "पर मैं नहीं आऊँगी."

"परमिशन की चिंता मत करो. अबकी बार मैं खुद बात करूँगा. तीन दिन की तो ऐसे मिल जाएगी."

"मिल जाएगी, मालूम है," जमना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तीन दिन की तो सब दे देते हैं."

आप्पासाहेबांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तर काय, मुलगी. त्यांनी करंडा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला आणि मराठीत म्हणाले, "आमच्याकडे रीतच तीन दिवसांची आहे. त्याला मी काय करणार?" जणू कोणी त्यांच्याकडे चौथा दिवस मागितला होता. कोणी मागितला नव्हता. त्यांनी पापड मोडला आणि तुकडा तुकडा करून संपवला. ताटली रिकामी झालेली पाहून जमना उठली आणि घरी आलेल्या माणसासाठी आणखी एक पापड भाजायला आत गेली.